फायदा काय?

'फायदा काय?' हा प्रश्न ज्याने प्रथम शोधून काढला, त्याला एक तारखेला भर बाराला आमच्या बँकेच्या रांगेत उभं करावं आणि नंबर आला की खिडकी बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. गेली बावीस वर्षं मी नफ्यातोट्याच्याच गावात नोकरी करतो. पण तिथेसुद्धा हा प्रश्न मला कुणी इतक्यांदा विचारला नाही, जितक्यांदा मी हॅम रेडिओचा परवाना काढल्यापासून ऐकतो आहे. चाळिशी उलटल्यावर परीक्षा दिली, पास झालो. पेढे खाता खाता लोकांनी विचारलं, "फायदा काय?"

परवा जानेवारीत आमच्या क्लबाचं शिबिर होतं. शनिवारी दुपारी आम्ही नऊ जण पानशेतच्या वाटेवरच्या एका माळावर जमलो. सामान म्हणजे एक रेडिओ, मोटारीची बॅटरी आणि वीस मीटर तार. चाळीस मीटरच्या बँडवर बोलायचं तर एरियलला एवढी तार लागते. ती झाडावर चढवण्यासाठी दगडाला सुतळी बांधून फेकावी लागते. पहिला दगड बाभळीत अडकला, दुसरा अध्यक्षांच्या डब्याशेजारी पडला, तिसरा मी फेकणार तोच तो माझ्या हातून काढून घेण्यात आला.

हा सोहळा बघायला आमचे मेव्हणे मुद्दाम आले होते. म्हणाले, "भाऊजी, खिशात मोबाइल असताना हा तारांचा संसार कशाला?"

आता माझं म्हणणं ऐका. एसटी थेट पंढरपूरला जाते. मग वारकरी पायी का जातो? घरात गॅस आहे. मग हुरडा खायला पैसे मोजून शेतातल्या धुरात डोळे चोळत का बसता? तिथे नाही कुणी फायदा विचारत! आणि हॅम रेडिओची तर जगभर व्याख्याच अशी, की हा उद्योग पैशाच्या लोभाविना करायचा. म्हणजे ज्या धंद्यात फायदा घ्यायलाच बंदी, तिथे हे लोक फायदा शोधतात!

राहता राहिला मोबाइल. मोबाइल हा जावयासारखा असतो. टॉवर, वीज, केबल असं सगळं आदरातिथ्य जागच्या जागी असलं तरच बोलतो. एवढंसं कमी पडलं की रुसला! आमच्या रेडिओला बॅटरी आणि तार पुरे. आकाशातला एक थर त्याच्या लहरी परत खाली धाडतो, आणि त्या थराचं मासिक भाडं अजून कुणी लावलेलं नाही.

२००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांच्याबरोबर काही हॅम मंडळी अंदमानात गेली होती. मदतीला नव्हे, निव्वळ हौसेला. अंदमानातून जगाशी बोलायचं, एवढंच. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन मुके झाले, आणि याच हौशी लोकांनी बेटांवरचे निरोप बाहेर पोचवले. घरून निघताना त्यांना कुणी फायदा विचारला असता, तर बिचाऱ्यांनी काय सांगितलं असतं?

पण थांबा. हे सांगताना मीही फायद्याचीच वही उघडून बसलो की! बँकेचं पाणी, दुसरं काय. त्सुनामी आली नसती, तरी त्यांचं जाणं काही वाया गेलं नसतं.

रविवारी सकाळी धुक्यात मी रेडिओ लावला. खरखरीतून नागपूरचा एक आवाज वर आला. सुमारे सहाशे किलोमीटर. मध्ये ना टॉवर, ना केबल. मेव्हणे घोंगडी गुंडाळून जवळ सरकले.

"भाऊजी, विचारा ना, तिकडे थंडी आहे का?"

मी विचारलं. उत्तर आलं, "मस्त आहे. शेकोटीजवळ बसलोय." मेव्हण्यांचा चेहरा असा खुलला, की जणू नागपूरची ती शेकोटी त्यांच्यासाठीच पेटवली होती.

फायदा काय, ते मी विचारणार होतो. पण म्हटलं, राहू दे.