मोळी कुणाच्या डोक्यावर?

दोस्तांनो, सरळ मुद्द्यावर येतो.

जयंतीला डीजेचा पैसा वाचवायचा, पडदा लावायचा, तीन-चार रात्री सिनेमे दाखवायचे, असं तिवस्यातल्या आपल्या पुऱ्यातल्या पोरांनी ठरवलं. झकास ठरवलं. डीजेपुढं नाचून कुणाचा उद्धार झालेला मी अजून पाहिला नाही. पण यादी हातात आली नि डोकं फिरलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'मनाला उभारी देणारे, संस्कार करणारे चित्रपट.' पहिलं नाव 'श्यामची आई'. मग 'सुजाता'. मग 'गांधी'. नि शेवटी, १४ एप्रिलच्या रात्री, जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'.

म्हटलं, हे पहिलं नाव कुणी घातलं? एम. ए. झालेला एक पोरगा म्हणाला, "काका, १९५३ च्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आहे. देशातलं पहिलं. २०२३ मध्ये नवा काढला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार भेटला. आईवरचा सिनेमा आहे. त्यात वाईट काय?"

वाईट काय ते सांगतो. आधी ऐकून घ्या, मग शिव्या द्या.

हा सिनेमा मी तिवस्यातच पाहिला. शाळेत. शाळेचं नाव घेत नाही, तशी शाळा तेव्हा गावोगाव होती. भिंतीवर पांढरी चादर ताणलेली, मागं मशीन खडखडतंय, मधेच फिल्म तुटायची नि आम्ही शिट्ट्या मारायचो. शेवटी आई मेली तेव्हा अख्खी शाळा रडली. मीही रडलो. वनमालाबाईंनी कामच तसं केलंय. रडण्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दुसऱ्या दिवसाची आहे. मास्तरांनी वर्गात पुस्तक काढलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं तेच. त्यातला महारणीच्या मोळीचा भाग वाचला. तुम्हीही वाचला असेल. म्हातारी महारीण, डोक्यावरची मोळी रस्त्यात पडलेली. तिला एकटीला ती उचलवत नाही. लोक बघतात, पण शिवत नाहीत. श्यामची आई पोराला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे, नि घरी आलास की आंघोळ कर. श्याम जातो, मोळी उचलून देतो, घरी येतो, आंघोळ करतो. देवाला सगळी लेकरं सारखीच प्रिय, हा बोध.

मास्तरांनी विचारलं, यातून काय शिकलात? पुढच्या ओळीतले हात वर गेले. दया. परोपकार. भूतदया. भूतदया म्हणजे मुंगी, गाय नि माझी माय एका रांगेत! त्याच घटकेला माझी माय पऱ्हाटीची मोळी घेऊन बाजाराच्या रस्त्यानं चाललेली असंल. मास्तर मागच्या ओळीकडं वळून मला म्हणाले, "तू सांग रे. तुम्हा लोकांना तर हे आधी कळायला पाहिजे. केवढे उपकार!" माझी मान खाली गेली. पुढच्या ओळीवर दयेचा संस्कार झाला. मागच्या ओळीवर मान खाली घालायचा संस्कार झाला. सिनेमा एकच, पुस्तक एकच.

रात्री मायला सांगितलं. चुलीत पऱ्हाटी सारत ती ऐकत होती. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. सगळं ऐकून म्हणाली,

"उचलून कोनाच्या डोक्सावर देल्ली रे थे मोयी?"

"त्याच बुढीच्या."

"मंग काय केलं थ्या पोट्ट्यानं? तिचं वझं तिच्याच डोक्सावर. नि आंघोय करून थो मोकया."

या वाक्याच्या पुढं जाणारी समीक्षा मला नंतर कुठल्याही जाड पुस्तकात सापडली नाही.

बघा, संस्कारी सिनेमाची सगळी यंत्रणा यात आली. आपला माणूस रस्त्यात पडलेला पाहिजे. वरचा माणूस चांगल्या मनाचा पाहिजे. त्यानं वाकलं पाहिजे. मग वझं उचलून पुन्हा आपल्याच डोक्यावर ठेवलं पाहिजे. नि अंधारात बसलेल्याचे डोळे ओले झाले पाहिजेत, म्हणजे त्याचं मन हलकं. मोळी मात्र हलकी होत नाही. ती बुढी ती घेऊन कुठं गेली, तिला किती पैसे मिळाले, तिच्या घरी चूल पेटली का, हे कुणी विचारत नाही. तिला नावसुद्धा नाही. वर आंघोळ आहेच. बुढीचं लाकूड चालतं, तिच्या लाकडावर तापवलेलं पाणी चालतं, तिचा हात चालत नाही.

पोरगा म्हणाला, "काका, तो काळच तसा होता. त्या काळात एवढं केलं हेच खूप."

काळाचा हिशेब मांडू. साने गुरुजी १८९९ चे. म्हणजे श्यामचं बालपण विसाव्या शतकातलं. जोतीराव नि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. अस्पृश्यांना आपल्या घरचा हौद उघडा केला १८६८ मध्ये. श्याम जन्मायच्या तीस वर्षं आधी फुल्यांनी पाणी दिलं. त्यांनी पाणी पाजून वर आंघोळ नाही केली. मग काळ तसा होता म्हणजे कुणाचा काळ? ज्याला बदलायचं नसतं त्याचा काळ नेहमीच तसा असतो.

गुरुजींवर माझा राग नाही, हे नीट लिहून ठेवा. तो माणूस आपल्या आईच्या पुढं गेला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून दहा दिवस उपाशी बसला. आपल्याला ते देऊळ नको होतं ही गोष्ट वेगळी, पण माणसानं स्वतःचा जीव पणाला लावला. प्रेक्षक मात्र आईपाशीच बसून राहिला. त्याला उपोषण आठवत नाही, मोळी आठवते. मोळी स्वस्त पडते, एका आंघोळीत भागते.

आता यादीतले बाकीचे घ्या. 'सुजाता', १९५९. बिमल रॉय थोर, नूतन थोर. पण आपल्या पोरीला त्या घरात मुलगी व्हायला काय द्यावं लागलं? रक्त. मालकीणबाई मरणाच्या दारात, सुजाताचंच रक्त जुळतं, ते दिलं तेव्हा ती लेक झाली. त्याच्याआधी १९३६ चा 'अछूत कन्या'. त्यातली कस्तुरी आगगाडी थांबवायला धावते नि मरते. एकीनं रक्त द्यायचं, दुसरीनं जीव द्यायचा, नि बाल्कनीतल्यांनी रुमाल काढायचे. उन्नती त्यांची नि खर्च आमचा.

'गांधी', १९८२. तीन तासांहून मोठा, आठ ऑस्कर, त्यात भारत सरकारच्या महामंडळाचाही पैसा. त्या तीन तासांत बाबासाहेब नाहीत. गोलमेज नाही त्यांच्या नजरेतून, पुणे करार नाही, येरवड्यात आपल्या हक्काच्या मोळीवर सही करणारा माणूसच नाही. हा सिनेमा जयंतीच्या आठवड्यात, आपल्या पुऱ्यात, आपल्या वर्गणीतून? पोरांनो, डोकं कुठं ठेवलंय?

नि आता आपल्याकडं वळतो, कारण दुसऱ्याला झोडपणं सोपं असतं. जब्बारचा सिनेमा २००० साली आला. मामुटीनं काम जीव ओतून केलं, राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तो दाखवाच. पण कसा दाखवता? पडद्याला हार, पुढं मेणबत्त्या, चपला बाहेर, बाया हात जोडून. १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा लोक असेच चपला काढून टॉकीजात शिरायचे. आपण त्यांना हसलो होतो. आता आपण काय वेगळं करतो? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं नि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. ज्यानं हे सांगितलं त्याच्याच सिनेमाची आपण आरती करून टाकली. महाडचं पाणी पडद्यावर बघून टाळ्या पिटायच्या, नि घरी येऊन बायकोला म्हणायचं, पाणी आण!

मग दाखवायचं काय? रिकाम्या हातानं यादी फाडायची सवय मला नाही.

एक. 'महात्मा फुले', १९५४. 'श्यामची आई' काढणारे आचार्य अत्रे नि हा काढणारेही तेच अत्रे. त्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते. बाबुराव पेंढारकर जोतीराव, सुलोचनाबाई सावित्री. त्यालाही राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळालं. मग माझ्या शाळेत तो का नाही आला? एकाच माणसाचे दोन सिनेमे, एका पाठोपाठच्या सालातले. एक भिंतीभिंतीवर, दुसरा डब्यात. आंघोळ दाखवणारा चालतो, हौद उघडणारा अडचणीचा होतो. दुसरं कारण मला दिसत नाही.

दोन. 'देवकीनंदन गोपाळा', १९७७. हा आपल्याच जिल्ह्याचा माणूस. गाडगेबाबा शेंडगावचे, परटाच्या घरचे. त्यांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर हेही गेले. सिनेमात त्यांचं काम डॉ. श्रीराम लागूंनी केलं. देवाला रिटायर करा म्हणणारा नास्तिक माणूस! बाबांना असाच नट शोभतो. पण बघणाऱ्यांनी काय धरून ठेवलं? गजर. झाडू सोडून दिला. गाडगेबाबा म्हणजे वझं उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर देणारा माणूस नव्हे. स्वतः वाकून गावाची घाण काढणारा माणूस. दाखवा, पण हा फरक बोलून दाखवा.

तीन. 'फँड्री', २०१४. नागराज मंजुळेचा. यात वझं आहे, पण उचलून द्यायला कुणी श्याम येत नाही. मेलेलं डुक्कर बांबूला टांगून घरचीच माणसं खांद्यावर नेतात, मागं शाळेची भिंत, भिंतीवर बाबासाहेब नि सावित्रीबाई. नि शेवटी जब्या दगड उचलतो, तो दगड सरळ बघणाऱ्याकडं येतो. सिनेमा संपल्यावर मन हलकं होत नाही, जड होतं. मला असाच सिनेमा पाहिजे. मन हलकं करायला गावात बाकीची दुकानं कमी आहेत का?

पण 'फँड्री' लावताना एक ध्यानात ठेवा. जब्या बौद्ध नाही. जब्या कैकाडी आहे. तो दगड फक्त पाटलाच्या वाड्यावर पडतो असं समजून टाळ्या वाजवू नका. आपल्या पुऱ्याच्या पलीकडं, गावाच्या अगदी कडेला जी पालं पडतात, त्यांच्या पोरांना आपल्या विहाराच्या आवारात आपण बसवतो का? त्यांची मोळी पडली तर आपण काय करतो? उचलून त्यांच्याच डोक्यावर देतो, की तेवढंही नाही? माझ्याकडं याचं सोपं उत्तर नाही. पण प्रश्न आपला आहे, हे मला ठाऊक आहे.

नि 'श्यामची आई'? तोही लावा! दचकू नका. बंदीची भाषा आपली नव्हे. पहिल्याच रात्री लावा. फक्त पुढच्या ओळीत पोरं बसवू नका. पुऱ्यातल्या म्हाताऱ्या बसवा, ज्यांनी जन्मभर पऱ्हाटी नि तुराटी वाहिली. सिनेमा संपला की दिवे लावा, पुस्तकातला मोळीचा भाग मोठ्यानं वाचा, नि माईक त्यांच्या हातात द्या. मास्तरांनी वर्गात त्यांनाच विचारायला पाहिजे होतं, ते तुम्ही विचारा. काय शिकलात म्हणून नका विचारू. मोळी कुणाच्या डोक्यावर गेली, एवढंच विचारा. रडतील त्या रडू द्या, शिव्या देतील त्या देऊ द्या. एकही भाषण करू नका.

माझी माय आता नाही. असती तर मी तिला पहिल्या खुर्चीवर बसवली असती. बाप १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होता, तो बौद्ध होऊन आला, नि माय दुसऱ्या दिवशी मोळी घेऊनच बाजारात गेली. धम्म मिळाला म्हणून मोळी खाली आली नाही. ती खाली आणायचं काम बाबासाहेबांनी आपल्यावर सोपवलंय. ते पडद्याकडं बघून होत नाही, पण पडद्यानंतरच्या बोलण्यातून सुरू होऊ शकतं.

यादी बदला. बैठक विहारात लावा, मी येतो. पडद्याच्या भाड्यात माझे पैसे धरा. ज्याला माझं म्हणणं पटलं नाही त्यानं याच पानांवर पुढच्या अंकात मला झोडपावं. फक्त तो काळच तसा होता, एवढं म्हणू नये.

जय भीम.