परिषद म्हणजे सहल नव्हे



अपील शाखेतील लिपिकांची परिषद म्हणजे ‘सरकारी खर्चाने सहल’, हे एका वाचकाचे मत मला मुळीच मान्य नाही. दिवाणी अपिलाला जिल्हा न्यायालयात 30 आणि उच्च न्यायालयात 90 दिवसांची मुदत असते. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेला काळ त्यातून वगळतात आणि तो ठरतो नकलेवर लिपिकाने घातलेल्या तारखांवरून: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली. त्यातली एक तारीख चुकली, तरी पक्षकाराला विलंबमाफीसाठी धावावे लागते. शेतजमिनीचा दावा लढणाऱ्याला हे किती महागात पडते, ते आमच्या चिखली-मोशीत वेगळे सांगायला नको.

18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले. सहा जिल्ह्यांची अपिले तिकडे गेली, आमचा पुणे जिल्हा मुंबईकडेच राहिला. मग मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि गोवा इथल्या लिपिकांनी एकत्र बसून दाखल अपिलांवर हरकती काढण्याची पद्धत जुळवून घ्यायला नको का?

परिषद जरूर भरवा, मोशीच्या प्रदर्शन केंद्रात भरवा. सुट्टीच्या दिवशी भरवा आणि वकिलांच्या कारकुनांनाही बोलवा.

– एक वाचक, चिखली