सामान कोणी सांभाळायचे?

सहलीचा फलक लागला की महाविद्यालयात चैतन्य येते. आम्हा माणगावकरांना रायगड म्हणजे शेजारचे घर! परंतु ज्याचा पाय अधू, त्याच्या वाट्याला एक ठरलेले वाक्य येते : "तू खाली थांब, सामान सांभाळ." माझा उजवा पाय जन्मतः अधू आहे, शाळेपासून हे वाक्य मी ऐकत आलो आहे. सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, हे मी जाणतो. तरीही विचारावेसे वाटते, की 'याला जमणार नाही' हे परस्पर ठरवण्याचा अधिकार मायेला कोणी दिला?

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक पटकावले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडले!

अशा माणसांची जिद्द आपण वाखाणतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. सारे श्रेय जिद्दीला दिले, की आपली जबाबदारी संपते. वस्तुतः जिद्दीला साथही लागते. अंध गिर्यारोहक एरिक वाइहेनमायर २००१ साली एव्हरेस्टवर पोचला, तो पुढच्या सोबत्याच्या घंटेचा आवाज ऐकत. डोळस गिर्यारोहकही दोर, प्राणवायू आणि शेर्पा घेतातच की! मग माझी काठी तेवढी दुबळेपणाची खूण का?

कोणी म्हणेल, रायगडाला रोपवे आहे. आहे, आणि तो हवाच. परंतु गड पाहणे वेगळे, गड चढणे वेगळे. धोक्याचे म्हणाल, तर तो सर्वांनाच आहे. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करणारा प्रत्येकजण जाकीट चढवतो. पोहता येत नाही म्हणून कोणाला काठावर बसवत नाहीत.

'अपंग' जाऊन 'दिव्यांग' शब्द रूढ झाला. खेळांत त्यांना सहभाग मिळावा, ही जबाबदारीही २०१६ च्या कायद्याने सरकारवर आली. परंतु आपल्या सहलीचा फलक सरकार लिहीत नाही, आपणच लिहितो.

माझे मागणे मोठे नाही. पहाटे लवकर निघावे, चाल सर्वांत हळू चालणाऱ्याची धरावी, उतरताना एक जोडीदार द्यावा आणि कुठे थांबायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. कोणी महादरवाजा गाठील, कोणी चित्त दरवाजापाशीच दमेल. मित्रहो, दमण्याची संधी मिळणे हेही काही थोडे नाही!