खाडी कोणाची, होडी कोणाची?

पर्यटन हा धनिकांचा विरंगुळा. गोवंडीच्या श्रमिकांना त्याचे काय, असा प्रश्न आपलेच काही सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर पाठ फिरवून मिळणार नाही.

ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो उतरतात. २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. याच खाडीच्या काठावर १९२७ पासून मुंबईचा कचरा झेलणारी देवनारची कचराभूमी आहे, तिला लागून गोवंडीच्या वस्त्या आहेत आणि पलीकडे ट्रॉम्बेचा कोळीवाडा आहे. आणीबाणीत, १९७६ साली, जनता कॉलनी उठवून तेथील कुटुंबांना चीता कॅम्पात आणून टाकले तेही याच परिसरात. शहराला जे नको होते ते येथे आले. आता शहराला जे हवे आहे ते येथे सापडताच या लोकांना काठावर उभे करून ठेवायचे काय?

लोकांच्या हाती दिलेले पर्यटन टिकत नाही, हा आक्षेप खोटा आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००६ पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्याच घरचे जेवतात आणि कासवाची अंडी राखणे हा गावाचाच स्वार्थ ठरतो. वेंगुर्ल्यात महिलांचा बचत गट स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतो. दूर कॅनडात इन्युइट लोकांनी १९९३ च्या करारात लिहूनच घेतले की, नुनावुतमध्ये राष्ट्रीय उद्यान करण्यापूर्वी त्यांच्याशी लाभाचा करार झाला पाहिजे. तेथे आधी हक्क, मग उद्यान. आपल्याकडे आधी अभयारण्य, आणि हक्काचा विचार सवडीने!

अर्थात भ्रम नको. फ्लेमिंगो काही महिनेच राहतात. पोट बारा महिने असते. सांडपाण्याने नासलेल्या खाडीतील मासळीची भरपाई पर्यटकाच्या तिकिटातून होणार नाही. कचराभूमी हटवण्याच्या मागणीला पर्यटन हा पर्याय नव्हे. उलट ज्याची रोजी खाडीवर अवलंबून आहे, तोच तिच्यात विष सोडणाऱ्याला जाब विचारील.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. गोवंडी-ट्रॉम्बेच्या काठावर पर्यटन आलेच, तर होड्या आणि धक्का कोळी बांधव व वस्तीतील महिलांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात असावा. वाटाड्याचे प्रशिक्षण वस्तीतील तरुणांना मिळावे. होड्यांची संख्या पक्ष्यांना सोसेल इतकीच असावी आणि उत्पन्नाचा विनियोग संस्थेच्या सर्वसाधारण सभेने ठरवावा. ठेकेदाराच्या होडीवर रोजंदारीने वल्हे मारणे याला लोकसहभाग म्हणत नाहीत.

कार्यकर्त्यांनी निविदा निघेपर्यंत थांबू नये. कोळीवाड्यात आणि वस्त्यांत आजच सभा घ्याव्यात. ठेका एकदा गेला, की मागे उरते ते फक्त निवेदन.