मिलिटरी छाप सोडा, कोपराची टीप शिका

पेंटबॉल हा शब्द या पानावर बहुधा प्रथमच येत असेल. व्यापाराच्या पानावर खेळाचे काय काम, असे काही वाचक बंधूंना वाटेल. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी मी गिऱ्हाइकांकडून आणि बिलबुकातून शिकलो. खेळ मी शाळेत असताना जेवढा खेळलो तेवढाच. परंतु या खेळाने माझे तीन तागे कापड बुडवले आणि त्यातून जे समजले ते आपल्या कापडवाल्यांच्या, शिलाई कारागिरांच्या कामाचे आहे, म्हणून लिहीत आहे.

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. 2019 साली कंपनीने त्यांना सहलीला नेले. हा खेळ लोणावळ्याच्या डेला अ‍ॅडव्हेंचर पार्कसारख्या ठिकाणी चालतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या एकमेकांवर मारायच्या, ज्याच्या अंगावर गोळी फुटली तो बाद. ईदला घरी आला तेव्हा त्याने फोटो दाखवले. सगळी पोरे मिलिटरी छापाच्या ढगळ कपड्यांत आणि तोंडावर मुखवटे. मला म्हणाला, "मामू, हे कपडे भाड्याने देतात. पार धुऊन धुऊन विटलेले असतात. तुम्ही का नाही शिवून देत?" त्याच्याच ओळखीने एका ठिकाणची चाळीस नगांची ऑर्डर मिळाली. ठिकाणाचे नाव सांगत नाही, कारण अर्धी चूक माझीच होती.

मी सुरतेहून मिलिटरी छापाचे टेरीकॉट आणले आणि पिंप्राळ्यातल्या कारागिरांकडून शाळेच्या गणवेशाच्या टिपेने डगले शिवून घेतले. शाळेतले पोर बाकावर बसते. हा गडी मात्र गुडघ्यावर पडतो, कोपरावर सरकतो, मातीत लोळतो. महिनाभरात गुडघे फाटले, काखेची शिवण उसवली. चाळीसपैकी पंचवीस नगांचेच पैसे मिळाले. पुढच्या ऑर्डरच्या भरवशावर आणखी तीन तागे उचलून ठेवले होते. मग 2020 ची टाळेबंदी आली, सहली बंद, खेळ बंद, आणि तागे माळ्यावर.

त्या तीन ताग्यांची गोष्ट पुढे येईलच. आधी हा खेळ कपड्यांच्या बाबतीत कुठून कुठे गेला ते सांगतो, कारण आपण मागच्या स्टेशनवर उभे आहोत आणि गाडी केव्हाच पुढे गेली आहे.

27 जून 1981 रोजी अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर या गावाजवळच्या जंगलात बारा माणसांनी हा खेळ प्रथम खेळला. त्यांची बंदूक नेल्सन कंपनीच्या रंगासाठी बनवलेली होती. तोडायच्या झाडांवर आणि जनावरांवर दुरून खूण करण्यासाठी ती वापरत. गोळीचे कवच जिलेटिनचे, औषधाच्या कॅप्सूलसारखे. (कोणी विचारलेच तर ही खायची वस्तू नव्हे एवढे सांगावे.) खेळ जंगलात, म्हणून कपडे शिकाऱ्यांचे नाहीतर फौजी. ते साहजिकच होते.

पण पुढील दहा-पंधरा वर्षांत खेळ जंगलातून उघड्या मैदानावर आला. 1990 नंतरच्या दशकात हवा भरलेले मोठमोठे अडथळे मैदानावर मांडून त्यांच्या आड खेळायची पद्धत रुळली, प्रेक्षक बसू लागले, स्पर्धा होऊ लागल्या. निळ्या-लाल अडथळ्यांच्या मध्ये हिरवा-तपकिरी छाप घालून कोण लपणार? खेळाडूंनी फौजी कपडे टाकले आणि मोटोक्रॉस म्हणजे मातीतल्या मोटारसायकल शर्यतीचे कपडे उचलले. जेटी ही कंपनी मुळात त्या शर्यतीचेच सामान बनवत होती, ती या खेळात आली आणि नावाजली. पुढे डाय, एचके आर्मी यांसारखी नावे आली. भडक रंग, पाठीवर नाव आणि नंबर, कोपरावर गादी, गुडघ्यावर गादी.

कापडवाल्याने या जर्सीकडे नीट पाहिले पाहिजे. ती ढगळ असते आणि त्याला कारण आहे. गोळी सुमारे तीन ग्रॅमची, सेकंदाला 300 फूट ही तिच्या वेगाची नेहमीची मर्यादा. अंगाला घट्ट बसलेल्या कापडावर ती फुटते. सैल लोंबत्या कापडावर पडली तर कधी कधी न फुटता घसरून जाते, आणि फुटली नाही तर खेळाडू बाद नाही! त्यामुळे सगळे ढगळ घालू लागले. मग स्पर्धांच्या नियमांत फार जाड, फार गुळगुळीत, थरावर थर चढवलेले कपडे चालणार नाहीत अशी कलमे आली. कापडाच्या सैलपणावर हार-जीत ठरते असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. पॅन्टीची तऱ्हा मात्र बदलली. आधी घेरदार पॅन्टी होत्या, आता घोट्याशी इलॅस्टिक असलेल्या निमुळत्या जॉगर चालतात. डोक्याला घाम टिपणारी पट्टी बांधतात, तिची टोके मागे मुद्दाम लांब सोडतात. कमरेला गोळ्यांचे डबे अडकवायचा इलॅस्टिकचा पट्टा. हातमोजे बहुधा अर्ध्या बोटांचे. हल्ली जुन्या जेटी जर्सीसारखी नक्षी पुन्हा मागितली जाते. आपल्याकडे जुन्या डिझाइनच्या साड्या परत येतात तशातलाच हा प्रकार. फौजी छाप पूर्ण गेली असे नाही, जंगलात लढाईचा खेळ करणारे ती घालतात. पण स्पर्धेचा खेळाडू जर्सीच घेतो.

ही जर्सी पॉलिस्टरची असते. कापूस आपल्या खान्देशाचे पांढरे सोने खरे, मीही कापसाच्या गावचा आहे, परंतु इथे कापसाचा हट्ट चालत नाही. कापूस आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून घाम आणि गोळीतला पाण्यात विरघळणारा रंग दोन्ही त्यातून लवकर निघतात. दुसरे कारण छपाईचे. सब्लिमेशन म्हणतात त्या पद्धतीत रंग आधी कागदावर छापतात, मग सुमारे 200 अंशांच्या उष्णतेत कागद कापडावर दाबतात. रंगाची वाफ होऊन ती थेट धाग्यात शिरते, म्हणून तो धुऊन जात नाही की सोलून निघत नाही. सुती धाग्याला हा रंग धरतच नाही.

आपल्या फायद्याची खरी गोष्ट पुढे आहे. या छपाईला जाळी, साचा, ब्लॉक काही लागत नाही. दहा खेळाडूंचा संघ आला, दहा जणांची दहा नावे, दहा नंबर, तरी दर नगाला खर्च तोच. मोठ्या गिरणीला दहा नगांची ऑर्डर परवडत नाही, आपल्याला परवडते. पांढरे पॉलिस्टर सुरतेत मुबलक आहे, भुसावळ-सुरत लाइनवर आपला माल वर्षानुवर्षे येतोच आहे. छपाई बाहेरून करून आणता येते. शिलाई इथेच होते. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला जीएसटी पाच टक्के आहे, त्यावर अठरा, तेव्हा किंमत लावताना ही रेघ ध्यानात असू द्यावी.

सियालकोटचे कारागीर आज पेंटबॉलचे हातमोजे, जर्सी, पॅन्टी शिवून परदेशात पाठवतात. 1947 मध्ये तिथून उठलेल्या खेळ-सामानाच्या कारागिरांनी जालंधर आणि मेरठ उभे केले. यंत्रे त्यांच्याकडेही तीच, आपल्याकडेही तीच. फरक टिपेचा. कोपरावरची गादी म्हणजे दोन कापडांच्या मध्ये फोमचा तुकडा आणि त्यावर चौकडीची टीप, जेणेकरून कोपर दुमडताना फोम गोळा होऊ नये. हे काम मी पहिल्यांदा एका कारागिराला दिले तर त्याने तीन नग बिघडवले. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने विचारले, "ही गोधडीच आहे ना रे?" आणि चौथा नग तिने बसल्या बसल्या सरळ केला. आमच्या मोहल्ल्यात घरी मशीन असलेल्या कित्येक बायका आहेत. फॉल-पिकोवर दिवस काढतात, जून-जुलैचा गणवेशाचा मोसम संपला की तेही कमी. गोधडीची टीप त्यांच्या हातात आहे आणि तिला बाजारात भाव आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. मी गादीच्या टिपेचे पैसे शिलाईहून वेगळे देतो. काही दुकानदार बंधू मला म्हणाले, "भाईजान, तुम्ही भाव बिघडवता." माझे म्हणणे असे की शिलाईच्या दरातच गादी मागितली तर कारागीर फोमऐवजी चिंध्या भरणार, आणि मग 2019 साली माझे जे झाले तेच होणार.

आता त्या तीन ताग्यांकडे येतो. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हल्ल्यानंतर लष्कराने फौजी नमुन्याचे कपडे नागरिकांनी घालू नयेत, दुकानदारांनी विकू नयेत असे आवाहन केले होते. ते मी वाचले होते आणि विसरलो होतो. 15 जानेवारी 2022 ला सैन्याचा नवा लढाऊ गणवेश समोर आला आणि त्याच वर्षी त्या नमुन्याची डिझाइन म्हणून नोंदणीही झाली. म्हणजे तो नमुना परवानगीशिवाय छापणे, विकणे हे सरळ उल्लंघन आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 168 वेगळे आहे. सैनिक असल्याचे भासवण्याच्या हेतूने तसा पोशाख घातला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. बाजारातली प्रत्येक हिरवी-तपकिरी छाप गुन्हा आहे असे कायदा म्हणत नाही, आणि माझे कापड जुन्या फॅशनच्या नमुन्याचे होते. परंतु माळ्यावर चढलेल्या हवालदाराला मी नमुन्यातला फरक कधी आणि कसा समजावणार? आणि आपल्यासारख्याच्या गोदामात फौजी छापाचे तागे मिळाले, तर खुलासा छापून येण्याआधी बातमी छापून येते. चाळीस नगांच्या ऑर्डरसाठी ही जोखीम घेण्यासारखी नाही. ज्यांच्याकडे असा माल पडून आहे त्यांनी सुरतेचे बिल जपून ठेवावे आणि नवीन माल उचलू नये. मी ते तागे काळ्या रंगात बुडवून घेतले. टेरीकॉटमधला सुती धागा तेवढा काळा झाला, पॉलिस्टर तसेच राहिले आणि छाप अंधुक दिसतच राहिली. शेवटी पिशव्यांच्या आत अस्तर म्हणून संपवले. नफा तर दूरच, रंगाईचे पैसे वर गेले.

दुसऱ्या दोन गोष्टींपासूनही दूर राहावे. पोरे परदेशी कंपनीचे नाव छापून मागतात. ट्रेड मार्क कायद्याच्या कलम 103 मध्ये बनावट नावाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. संघाचे स्वतःचे नाव छापा, त्यांना तेच जास्त आवडते. आणि मुखवटा कधीही बनवू नये, बनवून घेऊ नये. त्याच्या काचेसाठी एएसटीएम एफ 1776 असे मानक आहे. गोळी डोळ्याला लागली तर डोळा जातो. आपण कापडापुरते राहावे.

पैशाचे म्हणाल तर नाव छापलेली जर्सी दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, तेव्हा निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कागदावर छपाई टाकू नये. आपल्या बाजारात उधारीला नाही म्हणणे जड जाते, मलाही जाते. पण माझ्या पंधरा नगांचे पैसे आजही येणे आहेत आणि ते यायचे नाहीत.

खरे तर एकट्या पेंटबॉलवर आपल्या जिल्ह्यात कोणाचा संसार चालणार नाही, तेवढे खेळणारे इथे नाहीत. मात्र हीच जर्सी, गादी कमी-जास्त करून, मोटारसायकलवाल्यांना, टेनिस बॉल क्रिकेटच्या संघांना, कबड्डीवाल्यांना लागते. गादीची टीप जमली की बाकीचे सोपे आहे. मी दोन नमुने शिवून दुकानात टांगले आहेत, एक बिघडलेला आणि एक त्या माऊलीने सरळ केलेला. कारागीर बंधूंनी येऊन उलटून पाहावेत, फोम किती जाडीचा वापरला आणि दोरा कोणता तेही सांगेन. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असते.