भला राजा की बाईचा हक्क?

व्हिडिओ गेम हा विषय आपल्या अंकात कशाला, असा प्रश्न काही मैत्रिणींना पडेल. रेशन, पाणी, पोटगी, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ असे विषय दाराशी उभे असताना हे खेळाचे खूळ कुठून काढले? प्रश्न रास्त आहे. पण आपण सिनेमावर लिहिले, जाहिरातींवर लिहिले, टीव्ही मालिकांतल्या सासू-सुनांवर तर पानेच्या पाने लिहिली. बाईने कसे असावे याचे धडे घराघरांत तिथून दिले जातात, हे आपल्याला ठाऊक होते. आज घरातली तरुण मुले-मुली मालिकांसमोर फारशी बसत नाहीत, ती तासन्‌तास खेळतात. आणि खेळात नुसते बघायचे नसते, ठरवायचेही असते. कोणाला वाचवायचे, कोणाला गादीवर बसवायचे, कोणाचा सौदा करायचा? जिथे असे ठरवावे लागते तिथे राजकारण असतेच. ते काय शिकवते, हे आपण पाहायला नको का?

मी ज्या खेळाबद्दल लिहिते आहे त्याचे नाव 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर या कंपनीने तो २००९ साली काढला. पुढे २०११, २०१४ आणि २०२४ साली त्याचे पुढचे भागही आले. वरवर पाहता त्यात तलवारी, जादू आणि जमिनीखालून वर येणारी राक्षसांची फौज आहे. खेळ प्रौढांसाठी आहे आणि हिंसा भरपूर आहे. पण सुरुवातीलाच तुम्हाला ठरवावे लागते की तुम्ही बाई की पुरुष, आणि कोणत्या समाजात जन्मलेल्या. त्यानुसार सहा वेगवेगळ्या सुरुवाती आहेत. राजघराण्याजवळची उमराव मुलगी आणि वस्तीतली कामकरी मुलगी यांना एकच जग सारखे दिसत नाही, ही गोष्ट खेळ पहिल्या तासात सांगून टाकतो. माझ्या भाचीने तो संगणकावर लावून दिला आणि पावसाळ्याचे दोन महिने मी तो खेळले.

लग्नाचा दिवस

मी वस्तीतली मुलगी निवडली. या जगात एल्फ नावाची, टोकदार कानांची जमात आहे. ती एके काळी गुलाम होती. बंडानंतर त्यांना स्वत:ची भूमी मिळाली, पण पुढे धर्मयुद्धात तीही गेली. आता ते माणसांच्या शहरांत, भिंतीआडच्या वस्त्यांत राहतात आणि मालकांच्या घरी राबतात. खेळ सुरू होतो तो त्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी. सरदाराचा मुलगा व्हॉन मित्रांना घेऊन मजा मारायला वस्तीत येतो. नवरीची बहीण शियानी त्याच्या डोक्यात बाटली घालते. तो शिपाई घेऊन परत येतो आणि नवरीसकट बायकांना उचलून वाड्यावर नेतो.

ती नवरी म्हणजे तुम्ही. तुम्ही लढत लढत व्हॉनच्या खोलीपर्यंत पोहोचता, तोवर शियानीवर अत्याचार झालेला असतो. तेव्हा व्हॉन सौदा मांडतो. चाळीस सोन्याची नाणी घे, गुपचूप निघून जा आणि बाकीच्या बायकांना इथेच सोड. खेळ हा पर्याय खरोखर तुमच्यापुढे ठेवतो. तुम्ही 'हो' म्हणू शकता.

मैत्रिणींनो, ही 'तडजोड' आपल्याला नवी आहे का? चौकीत, पंचांच्या बैठकीत, पाटलाच्या ओसरीवर हेच शब्द आपण किती वेळा ऐकले आहेत! पुढचेही ओळखीचेच आहे. व्हॉनला मारले तर शिपाई वस्तीत येतात. बायकांचे काय झाले हे ते विचारत नाहीत. सरदाराच्या मुलाला कोणी मारले, एवढेच विचारतात.

शियानीची गोष्ट तिथे संपत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. पुष्कळ कथांत अत्याचार झालेली बाई मरते, नाहीतर नायकाला सूड घ्यायला कारण पुरवून नाहीशी होते. शियानी वस्तीतच राहते. नंतर आपण परततो तेव्हा वस्तीत साथ आल्याचे सांगून परदेशी 'वैद्य' लोकांना आत घेत असतात, आणि आत गेलेले बाहेर येत नाहीत. ते वैद्य नसून गुलामांचे व्यापारी असतात. युद्धाच्या खर्चासाठी राज्याच्या कारभाऱ्यानेच वस्तीतली माणसे विकायला काढलेली असतात. त्या दारासमोर उभी राहून 'यांच्यावर विश्वास ठेवू नका' असे लोकांना ओरडून सांगणारी शियानीच असते. तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कुऱ्हाड कोणावर पडते, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही.

मुलगा झाला तर जिना, मुलगी झाली तर उकिरडा

दुसरे जग जमिनीखालचे आहे. ऑर्झामार हे बुटक्यांचे शहर. तिथे सरदार, योद्धे, लोहार, कारागीर, खाणकामगार, व्यापारी, नोकर अशा जाती आहेत आणि सगळ्यांच्या खाली जातीबाहेरचे. त्यांच्या चेहऱ्यावर डाग देऊन खूण केलेली असते. 'धुळीची वस्ती' हेच त्यांच्या मोहल्ल्याचे नाव. नियम असा की मुलाला बापाची जात मिळते आणि मुलीला आईची.

या एका नियमातून काय काय निघते ते पाहा. जातीबाहेरच्या बाईला सरदारापासून मुलगा झाला तर तो सरदार घराण्याचा होतो आणि मग त्या बाईला आणि तिच्या माणसांना वाड्यात जागा मिळते. मुलगी झाली तर मात्र ती आईसारखीच जातीबाहेरची. म्हणून वस्तीतल्या देखण्या मुलींना चांगले कपडे, बोलण्याची रीत आणि कविता शिकवून वाड्याच्या वाटेवर उभे करतात. रिका ही अशीच एक मुलगी. तिच्या कपड्यांना आणि शिकवणीला पैसे वस्तीतला गुंड पुरवतो. उद्या ती वर गेली की त्याला त्यात वाटा हवा असतो. सगळ्या घराला वर नेणारा एकच जिना, आणि तो तिच्या गर्भाशयातून जातो.

झर्लिंडाची गोष्ट याच्या उलट आहे. ती खाणकामगार जातीची. तिला जातीबाहेरच्या पुरुषापासून मुलगा झाला. बापाच्या नियमाने मुलगा जातीबाहेरचा. घरच्यांनी सांगितले की मूल टाकून दे, तरच घरात ये. ती मूल टाकत नाही आणि धुळीच्या वस्तीत भीक मागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातिव्यवस्थेवर निबंध वाचला. जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे आणि तो टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह आले, असे त्यांनी त्यात मांडले. म्हणजे जात टिकवायची तर बाईवर पहारा हवाच. आपल्याकडे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. आई आदिवासी, बाप सवर्ण, मग मुलाची जात कोणती? बापाचीच, असे सहसा गृहीत धरले जाते. पण मूल आईच्या समाजात वाढले असेल तर ते पुराव्याने तसे दाखवू शकते, असे न्यायालयाने म्हटले. आईचे नाते आपसूक ग्राह्य धरले जात नाही, ते सिद्ध करावे लागते! झर्लिंडा परकी वाटत नाही ती यामुळे.

गादीवर कोण?

ऑर्झामारचा राजा वारला आहे आणि गादीला दोन दावेदार आहेत. हॅरोमॉन्ट हा म्हातारा, शब्दाचा पक्का, राजाचा विश्वासू माणूस आहे. भेलेन हा राजाचा धाकटा मुलगा. त्याने थोरल्या भावाचा काटा काढला आणि आळ मधल्या भावंडावर घातला. कौल खेळणारीच्या हातात आहे.

माझ्या भाचीने हॅरोमॉन्टला निवडले. भावाच्या खुन्याला गादी द्यायची का, हा तिचा सवाल. मी भेलेनला निवडले. कारण मी वाड्यात हिंडले नव्हते, धुळीच्या वस्तीत हिंडले होते. भला हॅरोमॉन्ट राजा झाला की सरदारांचे बळ वाढते, बाहेरच्या जगाशी संबंध तुटतात आणि जातीबाहेरच्यांवरची बंधने आणखी आवळली जातात. दुष्ट भेलेन जातीचे पाश सैल करतो आणि व्यापार खुला करतो. रिकाचा मुलगा त्याचाच आहे.

आमचे दोघींचे चांगलेच भांडण झाले. पण त्या भांडणातच खेळाचे मोल आहे. सत्ताधारी माणूस म्हणून कसा आहे, हा प्रश्न आपल्याला सतत विचारायला लावतात. साहेब सज्जन आहेत, बाईंशी अदबीने बोलतात, वगैरे वगैरे. त्याच सज्जनाच्या राज्यात झर्लिंडा भीक मागते त्याचे काय? व्यवस्था अन्यायाची असेल तर तिच्यात सचोटीने वागणारा माणूस तो अन्यायही सचोटीनेच राबवतो.

भाचीचे म्हणणेही मी सोडून देत नाही. जातीबाहेरच्यांना भेलेनकडून सवलती मिळतात त्या शस्त्र घेऊन राक्षसांशी लढण्याच्या बदल्यात, म्हणजे रक्ताच्या मोलाने. शिवाय तो सरदारांची सभा बरखास्त करून एकटाच राज्य करू लागतो. राजाने दिलेले राजाच परत घेऊ शकतो. धुळीच्या वस्तीतल्या बायका एकत्र बसून मागणी करतात, हा तिसरा पर्याय खेळात नाहीच. माझा खेळावर मुख्य आक्षेप हाच आहे. सगळे काही एका शूर व्यक्तीने ठरवायचे. तिथे वीरांगना आहे, संघटना नाही.

भेटवस्तूने जुळणारी मने

प्रवासात तुमच्याबरोबर सोबती असतात. त्यांच्याशी गप्पा होतात, वाद होतात, प्रेमही जमते. स्टेन नावाचा योद्धा तर तुम्ही लढता म्हणजे बाई असूच शकत नाही, असा तर्क तुमच्या तोंडावर मांडतो. पण प्रत्येकाची मर्जी खेळ आकड्यांत मोजतो आणि भेटवस्तू दिली की आकडा वाढतो. आज दुखवा, उद्या दागिना द्या, हिशेब चुकता! मारहाण करून दुसऱ्या दिवशी साडी आणणारे नवरे आपण पाहिले आहेत. तरुण मुलांना नात्याचा हा हिशेब खेळातून शिकायला मिळू नये.

तरी काही गोष्टी भेटवस्तूने भागत नाहीत, हेही खरे. जादूगारांच्या मनोऱ्यात सरसकट कत्तल करणाऱ्यांची बाजू घेतली तर वृद्ध विन तुमच्यावरच उलटते. मैत्री आहे, पण तत्त्वाच्या पलीकडे नाही. चळवळीतल्या आपल्या मैत्रीला तरी दुसरा कोणता पाया आहे?

अ‍ॅलिस्टरचे प्रेमही पाहण्याजोगे आहे. तो प्रेमळ, हळवा, बाईचा मान राखणारा. वस्तीतल्या एल्फ मुलीवर तो मनापासून प्रेम करतो. पण राजा व्हायची वेळ आली की एल्फ बाई राणी होऊ शकत नाही. माणसांच्या सरदार घराण्यातली मुलगी मात्र त्याच खेळात राणी होते. प्रेम खरे असले तरी गादी कुळ पाहते.

लिहिणाऱ्या बायका

या खेळाच्या लेखनात बायकाही होत्या. त्यांतली एक जेनिफर हेप्लर. आपल्याला लढाईपेक्षा गोष्टीत रस आहे, लढाई ओलांडून पुढे जायची सोय असावी, असे तिने २००६ साली एका मुलाखतीत म्हटले होते. ती मुलाखत २०१२ साली उकरून काढून तिच्यावर घाणेरड्या शिव्यांचा भडिमार झाला. तिला आणि तिच्या कुटुंबाला धमक्या आल्या. २०१४ साली 'गेमरगेट' नावाने अशीच मोहीम खेळ बनवणाऱ्या आणि खेळांवर टीका करणाऱ्या अनेक बायकांविरुद्ध चालली. बाईने खेळावे, पण नियमांबद्दल बोलू नये, असा हा दम होता. नियमांबद्दल बोलणे हेच तर आपले काम आहे.

म्हणून माझी सूचना अशी. युवती शिबिरात आपण पथनाट्य बसवतो, जाहिरातींची चिरफाड करतो, तसे एक सत्र खेळांसाठी ठेवा. मुलींना आणि मुलांनाही विचारा की तुमच्या खेळात बाई कोण असते, कोणाच्या हातात निर्णय असतो, मागणी करणारा जमाव कुठे दिसतो का? व्हॉनची चाळीस नाणी समोर आली तर काय कराल, आणि गादीवर कोणाला बसवाल? उत्तरे वेगवेगळी येतील, भांडणे होतील. होऊ द्यात. आणि मग शेवटचा प्रश्न विचारा की धुळीच्या वस्तीतल्या बायकांना स्वत:च ठरवता आले असते, तर त्यांनी कोणती मागणी आधी केली असती? झर्लिंडा आणि रिका एका चटईवर बसल्या असत्या, तर त्यांना कुठल्याही राजाची वाट पाहावी लागली नसती. तुमच्या गटात झालेली चर्चा आम्हाला जरूर लिहून पाठवा.