रस्त्याला उघाडी ठेवा

मा. व्यवस्थापकीय संचालक,
सिडको भवन, सीबीडी बेलापूर

महोदय,

खारघर ते नेरुळ किनारी रस्त्याच्या अंदाजपत्रकात पाणी, पक्षी आणि कोळीवाड्यांसाठी एक वेगळं लेखाशीर्ष असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

या भागातले आगरी शेतकरी खाडीला बांध घालत, तेव्हा त्यातच उघाडी बसवत. ओहोटीला दार उघडायचं, भरतीला मिटायचं. आपल्या धारण तलावांच्या झडपा याच युक्तीवर चालतात. आधी बांध घालू, उघाडीच्या पैशांचं मागाहून बघू, असं कुणी करत नसे.

नेरुळला नेमकं तेच झालं. शंभर कोटींहून अधिक खर्चाची जेट्टी उभी राहिली आणि शेजारच्या डीपीएस तलावात भरतीचं पाणी येण्याची वाट बुजली. 2024 मध्ये तळाचा चिखल भेगाळला, तिथे येणारे फ्लेमिंगो भरकटून रस्त्यावर आले, काही मेले. 2025 मध्ये सरकारने तलाव संवर्धन राखीव करायचं ठरवलं. जेट्टीच्या खर्चापुढे पाण्याची वाट मोकळी ठेवणं किरकोळ होतं. पण ते काम कुणाच्याच खात्यात नव्हतं.

वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या वेळीही नुकसानभरपाईसाठी मच्छीमारांना उच्च न्यायालयात जावं लागलं. 2021 मध्ये न्यायालयाने सरकारला भरपाईचं धोरण आखायला सांगितलं.

पैसे कुठून आणायचे, हे सिडकोने तरी विचारू नये. 1992 मध्ये वाशीपर्यंत लोकल आली ती 67 टक्के सिडकोच्या आणि 33 टक्के रेल्वेच्या पैशावर. सिडकोचा पैसा जमिनीतून आला आणि जमीन 95 गावांची होती. अमेरिकेने 1991 च्या वाहतूक कायद्यात रस्तेनिधीच्या एका मोठ्या हिश्शातले 10 टक्के पदपथ, सायकलवाटा अशा कामांसाठी बांधून ठेवले होते. मी या रस्त्याच्या खर्चातले दोनच टक्के मागतो.

त्यातून पुरेशा रुंद मोऱ्या व्हाव्यात, होड्यांना वाट राहावी, गावातून खाडीकडे जाणारी पायवाट तुटू नये, लावलेली तिवरं जगेपर्यंत राखली जावीत. सुशोभीकरण यात धरू नये. फ्लेमिंगोचे पुतळे शहरात पुष्कळ झाले. खर्चाचा हिशेब संकेतस्थळावर टाकावा.

आणि निविदा निघण्याआधी नकाशा घेऊन आपला अभियंता दिवाळे आणि सारसोळे कोळीवाड्यात पाठवावा. मोरी कुठे हवी, ते तिथे लगेच कळेल. फक्त त्याला भरती-ओहोटीची वेळ बघून जायला सांगा, कार्यालयाची नव्हे.

आपला,
नेरुळचा एक रहिवासी